थॅमरच्या घराची हाक

हंड्यावरचं झाकण थडथडलं.

टेबलाभोवती पाच माणसं बसली होती, पण भात उतरवायला एकही उठलं नाही. सायलसने कोटाच्या खिशातून काढलेला कागद मधोमध पडला होता, पालेभाजीच्या वाडग्याला टेकून. त्याचा एक कोपरा हळूहळू पामतेल पीत होता. झाकण पुन्हा थडथडलं. पाणी उतू जाऊन निखाऱ्यांवर चुरचुरलं. रविवारचा भात थॅमरने आजवर कधी लागू दिला नव्हता.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"आई, दोनदा वाचला."

"तिसऱ्यांदा वाच. मला वाचता येत नाही ना? म्हणूनच तर हे सुचलं तुला. आता वाचून दाखवायचे कष्ट पण घे."

सायलसने कागद उचलला. बाकी सगळ्यांकडे पाहायचं टाळून तो एका दमात म्हणाला, "'विधवा थॅमर हिचं वरच्या रस्त्यावरचं घर आणि टेकडीवरची पाच एकर जमीन, तिच्या राजीखुशीने, मुलगा सायलस याच्या नावे केली आहे. यापुढे घरचा कर्ता म्हणून त्याचंच नाव धरावं.'"

"आणि खाली?"

"खाली माझी सही."

"तिच्या शेजारी?"

सायलसने कागद खाली ठेवला. तिला वाचता येत नसलं तरी शेजारी काय आहे ते टेबलाच्या त्या टोकावरूनही दिसत होतं. एक गोल आणि त्याच्या पोटात उभी रेघ. उखळात उभं मुसळ. आठ वर्षांपूर्वी जहाजातून उतरल्यावर कारकुनाने निरक्षरांच्या रांगेला एकेक फुली मारायला सांगितली, तेव्हा थॅमरने टाक हातात धरून विचारलं होतं, "सगळ्यांनीच फुल्या मारल्या तर माझी कुठली, ते तुम्हाला कसं कळणार?" आणि हे निशाण काढलं होतं. तेव्हापासून वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या कुठल्याही कागदावर उखळ-मुसळ दिसलं की ती थॅमर.

"हे मी काढलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी काढलं."

"भात लागतोय," सायलसची बायको फीबी हळूच म्हणाली.

"लागू दे!"

ओरडणं ऐकून डॉर्कसच्या मांडीवरचं तान्हं दचकलं, तोंडातला स्तन सोडून आईकडे टकामका बघायला लागलं. डॉर्कसने त्याचं डोकं कुशीत घेतलं. घामोळ्यांनी त्याची मान लाल झाली होती. तिने त्यावर फुंकर घातली आणि भावाकडे पाहिलं नाही.

"आई, ऐक तरी," सायलस म्हणाला. "गेल्या महिन्यात फर्मान निघालं. घरकर्ता म्हणून बाईचं नाव चालणार नाही. ज्या घरावर पुरुषाचं नाव नाही ते कंपनी परत घेणार आणि पुढच्या जहाजातून लोक उतरतील त्यांना देणार. काल दुपारपर्यंत मुदत होती, म्हणून याची एक प्रत काल सकाळीच कचेरीत दिली."

"महिनाभर तुला माहीत होतं."

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"कचेरीत गेले असते."

"आणि?"

"आणि काय? विचारलं असतं. जंगल तोडताना बाई चालली, साप मारताना बाई चालली, पहिल्या पावसात निम्मी वसाहत तापाने मेली तेव्हा खड्डे खणायला बाई चालली. आता नावाला काय झालं?"

"हेच! हेच केलं असतंस!" सायलसने टेबलावर हात आपटला. "मागे एकदा त्या कारकुनाची दौत उलटी केलीस. अजून त्याच्या पाटलोणीवर डाग आहे. तू गेली असतीस, तो चिडला असता, आणि घर गेलं असतं. मी घर वाचवलं, आई. घर!"

"चोर येणार म्हणून आधी आपणच चोरून ठेवलंस. शहाणा माझा मुलगा."

हे निशाण जमावं म्हणून सायलसने शुक्रवारी पाटीवर चाळीस वेळा गिरवून हात बसवला होता. गोल सोपा होता. रेघ जमत नव्हती. आईची रेघ वर किंचित डावीकडे झुकते, कारण तिचं मनगट गुलामीत असताना भाताच्या मळ्यात एकदा मोडून वाकडंच जुळलं होतं. तो झुकाव जमला तेव्हा त्याला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि मग त्याने पाटी घाईघाईने पुसून टाकली होती. हे तो कुणालाच सांगणार नव्हता.

"थॅमरवहिनी," टेबलाच्या टोकाशी बसलेले मिंगो आपल्या प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, "पोराचा हेतू वाईट नाही." ते तिच्या मेलेल्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, आणि खालच्या प्रार्थनाघराचे उपदेशक. वसाहतीत दर दहा घरांनी मिळून आपला एक पंच निवडायचा असे. त्या दिवशी प्रार्थनाघराच्या अंगणात दहा घरांना नावाने हाक मारायचं कामही मिंगोंचंच होतं. हाक आली की घरकर्त्याने ओ द्यायची आणि आपला पंच सांगायचा. उद्या सकाळी तोच दिवस होता. आठ वर्षं चौथी हाक "थॅमरचं घर!" अशी यायची, आणि थॅमर अशी ओ द्यायची की कुंपणापलीकडच्या शेळ्या पांगायच्या.

"भाऊजी, फर्मानाचं तुम्हाला कधी कळलं?"

मिंगोंनी चमचा पुसला. "वाचून दाखवण्यासाठी ते माझ्याकडेच आलं होतं."

"मग तुम्ही वाचलं नाहीत."

"वाचलं ना. महिन्यापूर्वीच्या गुरुवारी. पुरुषांच्या प्रार्थनेत."

थॅमर हसली. पण त्या हसण्याने कुणालाच बरं वाटलं नाही. "बायकांची घरं जाणार, आणि ते पुरुषांच्या प्रार्थनेत वाचलं! देवाला तरी ऐकू दिलंत, की त्यालाही बाहेर उभं केलं होतं?"

"दादा, खरंच लाज वाटायला हवी होती तुला," डॉर्कस एकदम म्हणाली. "आईचं निशाण..."

"मला लाज?" सायलस तिच्याकडे वळला. "शुक्रवारी तुला सगळं सांगितलं, तेव्हा ही लाज कुठे ठेवली होतीस?"

भाताचा करपट वास आता खोलीभर पसरला होता. थॅमरने हळूच मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"तुलाही माहीत होतं?"

डॉर्कस उठली. तान्ह्याला खांद्यावर टाकून तिने फडक्याने हंडा उतरवला, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. तिचा नवरा लाकडाच्या होडीबरोबर नदीवर गेला होता. दोन महिने झाले, निरोप नाही. शुक्रवारी सायलस मागच्या पायरीवर येऊन बसला आणि त्याने विचारलं, आई भांडून घर घालवेल, मग तू या दोन पोरांना घेऊन कुठे जाशील? ती काहीच बोलली नव्हती. हो म्हणाली नव्हती, हे खरं. पण नको असंही म्हणाली नव्हती. त्या वेळी बाळ दूध पिता पिता झोपलं होतं, आणि तिला एवढंच वाटलं होतं की हे डोकं छपराखाली राहू दे. फक्त हे एवढंसं डोकं.

"आई, मला भीती वाटली," ती हंड्याकडे पाहत म्हणाली.

"मला वाटत नाही का गं?"

"तुला? तुला कधी पाहिलंय मी घाबरलेलं?"

"तुम्हाला दिसू दिलं नाही, ती काय चूक झाली माझी?" थॅमरचा आवाज फाटला. "याला पाठीला बांधून दलदलीतून पळाले. दोन वर्षांचा होता. कुत्री मागे. याच्या तोंडावर हात दाबून धरला होता, रडू नये म्हणून. जरा जास्त दाबला असता तर मेला असता, हे माहीत असून दाबला. तेव्हा घाबरले नसेन मी?"

सायलसने कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली. पामतेलाचा डाग आता त्याच्या सहीपर्यंत आला होता.

आतापर्यंत फीबी एकच वाक्य बोलली होती. घरात येऊन दोन वर्षं झाली तरी ती अजून बाकाच्या कडेला बसून जेवायची, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. कागद निघाला तेव्हा डॉर्कसने तिच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचा अर्थ तिला कळला होता. आता ही घरची मालकीण. आता हिचं राज्य. तिला ते फार झोंबलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सायलस, पावसाळ्यात नदीत होडी उलटली तेव्हा तू वाचलास."

"मग?"

"नसतास वाचलास तर?"

"भलतंसलतं बोलू नकोस."

"नाही, सांग. हा कागद असाच होता समज. तू मेलास. मग या कागदावर कोणाचं नाव आलं असतं?"

"आपल्या मुलाचं."

"आपल्याला मूल नाही."

मिंगो खाकरले.

"बघ, खाकरले," फीबी म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्या घरात आवाज चढवला. "काकांचं नाव आलं असतं! आणि मी, आई, डॉर्कसताई आणि ही दोन पोरं, आम्ही काकांच्या दारात भांडी घासायला. काका, चुकत असेन तर सांगा."

"मी कधी कुणाला भांडी घासायला लावली नसती, पोरी."

"घासली असती की नाही ते विचारलं नाही मी. नाव कोणाचं, ते विचारलं."

"सूनबाईला तोंड आहे की," थॅमर म्हणाली. "मला वाटत होतं, लग्नात फक्त दोन गोधड्याच आणल्या हिने."

फीबी लाजली. सायलस मात्र बायकोकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याला आत्ताच पाण्याबाहेर ओढून काढलं होतं, आणि आपण बुडत होतो हेच त्याला माहीत नव्हतं.

थॅमर आता मिंगोंकडे वळली. "भाऊजी, उद्या चौथी हाक माझ्या नावाने मारा."

"नाही मारता येणार."

"तोंड तुमचंच आहे ना?"

"वहिनी, फर्मानात स्पष्ट लिहिलंय. एका जरी घराला बाईच्या नावाने हाक मारली, तर दहाच्या दहा घरांचा पंच रद्द. मग वर्षभर आपल्या बाजूने कचेरीत बोलायला कुणीच नाही. बाकीची नऊ घरं तुमच्या नावाने बोटं मोडतील. ते तुम्हाला चालेल?"

हे थॅमरला माहीत नव्हतं. त्या नऊ घरांतली सगळी माणसं तिला माहीत होती. कुणाच्या तापात ती रात्रभर बसली होती, कुणाचं बाळंतपण तिने केलं होतं. त्यांचं तोंड बंद करून आपलं उघडायचं?

"नऊ म्हणता," ती बोटं मोजत म्हणाली. "सुझॅनाचं घर धरून नऊ का?"

मिंगोंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"सुझॅनाला मुलगा नाही. जावई समुद्रावर. तिचं घर कोणाच्या नावाने पुकारणार उद्या?"

"तिचं... तिचं पुकारलं जाणार नाही."

"म्हणजे तिचं घर गेलं."

"कंपनी तिला खाली वखारीजवळ एक खोली देणार आहे."

"आणि आज सकाळी ती पहिल्या बाकावर बसली होती! तुम्ही मिसर देशातून सुटलेल्यांची गोष्ट सांगत होतात, ती मान डोलवत होती, डोळे पुसत होती, आणि तुम्हाला माहीत होतं!" थॅमर उभी राहिली. बाक मागे आडवं झालं. "उठा भाऊजी. माझ्या टेबलावरून उठा. अरे हो, टेबल आता माझं नाही. सायलस, यांना तू सांग. कर्ता तू आहेस."

"आई, बस ना," सायलस म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ऐक. मला एक सुचतंय. उद्या काका माझं नाव पुकारतील. पुकारू देत. ओ तू दे. पंच तू सांग. मी तोंड उघडणार नाही. कागदावर मी, पण आवाज तुझाच. कुणाचं काय बिघडतंय?"

मिंगोंनी घाईने मान हलवली. "हे चालेल. याला मी हरकत घेणार नाही."

"आई, हे बरं आहे," डॉर्कसही म्हणाली. "घरही राहील, आणि..."

थॅमर मुलाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत एवढा वेळ राग होता. तो कुठे गेला नाही, फक्त खाली बसला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघून सायलसला वाटलं, यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं.

"तुला आठवणार नाही," ती म्हणाली. "तिकडे गॅस्किन मालकाच्या मळ्यात पहाटे हाक यायची. गॅस्किनची थॅमर! ओ. गॅस्किनची थॅमर! ओ. पहिल्याच हाकेला ओ आली नाही तर पाठीवर वळ. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या नावाला ओ दिली. मग पळाले. सुटलेल्या गुलामांना नेणाऱ्या जहाजात बसताना मोठ्या वहीत नाव लिहिलं, 'धट्टीकट्टी बाई, वय पंचवीस', आणि त्याच्यापुढे, कोणाची होती ते. तिथेही गॅस्किन. मग उत्तरेला स्कोशियाची थंडी. मग पुन्हा समुद्र, आणि त्यात तुझा बाप गेला. आणि इथे उतरल्यावर टोपीतून मी जमिनीची चिठ्ठी काढली, आणि एक माणूस ओरडला, थॅमरचं घर! बाळा, मला क्षणभर कळलंच नाही कोणाला बोलावतायत. मागच्या बाईने कोपर मारलं, तेव्हा ओ दिली." तिने श्वास घेतला. "आता परत दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ? तुझ्या? तू माझ्या पोटचा आहेस म्हणून चालेल, असं वाटतं तुला?"

सायलसने उठून आडवं पडलेलं बाक सरळ केलं.

"उद्या मी येणार," थॅमर म्हणाली. "भाऊजी, तुम्ही सायलसचं घर पुकारा. बाकीच्या घरांचा पंच माझ्यामुळे बुडायला नको. सायलस, तुझ्या नावाला तू ओ दे. पण मी उभी राहणार. सगळ्या हाका होईपर्यंत उभी राहणार. बोलणार नाही, आणि बसणारही नाही. सुझॅनाला आत्ता जाऊन सांगते, तीही उभी राहील."

"मी पण," फीबी म्हणाली.

डॉर्कसने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिने काही म्हणावं याची सगळे वाट पाहत होते. तिने कागदाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. "बाळ रडेल तिथे," ती म्हणाली.

"रडू दे," थॅमर म्हणाली. "त्याला तरी अजून मनाई नाही." आणि सुझॅनाकडे जायला निघाली.

करपलेला भात शेवटी कोंबड्यांना घातला.

ती परतली तेव्हा ऊन टेकडीवरून उतरत होतं. परसात कडेने तिने लावलेलं मोगली एरंडाचं कुंपण उभं होतं. कंपनीने हद्दीला ठोकलेल्या खुंट्या वाळवीने पहिल्याच पावसात खाल्ल्या, तेव्हा शेजारीपाजारी रडत कचेरीत गेले. थॅमरने मात्र एरंडाच्या ओल्या फांद्या तोडून हातभर अंतरावर रोवल्या. त्या जगल्या, फुटल्या. तिची हद्द वाळवीला खाता आली नाही. फांद्या रोवत असताना इथल्या मूळच्या टेमने लोकांपैकी एक बाई डोक्यावरची टोपली सावरत बराच वेळ उभी होती. तिने काहीतरी विचारलं. थॅमरला तेव्हा ती भाषा येत नव्हती. पुढे येऊ लागली, तेव्हा तिला कळलं की बाईने विचारलं होतं, "ही जागा कोणाची, तुला माहीत आहे का?" हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"आजी, वेणी."

सहा वर्षांची मर्सी, डॉर्कसची थोरली, लाकडी फणी घेऊन आली होती. रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या वेण्या घालायच्या. जेवायच्या वेळी तिला शेजारी पाठवलं होतं, पण मोठ्यांचे आवाज कुंपण अडवत नाही. ती येऊन आजीच्या गुडघ्यांमध्ये बसली. थॅमरने केसांना तेल लावलं, भांग पाडला. मुलीची टाळू उबदार होती. तिची बोटं आपोआप चालू लागली, आणि नेहमीसारखंच तोंडही.

वसाहतीतली मुलं बोलायला लागली की आधी आपलं नाव, आई, रस्ता आणि घर एवढं पाठ करायची. बंदरात अजून गुलाम म्हणून माणसं भरणारी जहाजं लागायची, आणि एकटं पोर दिसलं की हात पुढे यायचा. अशा वेळी पोराच्या खिशात कागद नसतो. त्याच्याकडे फक्त हे असतं. मागच्या वर्षी मर्सी धक्क्यावर चुकली होती. एका खलाशाने दंड धरून विचारलं, कोणाची गं तू? ती इतक्या मोठ्याने सगळं घडाघडा बोलली की चार दुकानांतली माणसं बाहेर आली. घराचं नाव ओळखून कुणीतरी तिला कडेवर घरी आणलं.

"नाव काय?" थॅमरने विचारलं.

"मर्सी."

"आई कोण?"

"डॉर्कस."

"रस्ता कुठला?"

"वरचा रस्ता, सावरीच्या मोठ्या झाडापासून सातवं दार."

"कोणाच्या घरची?"

मर्सीने तोंड उघडलं आणि मिटलं. आत टेबलावर कुणीतरी ताटं आवरत होतं. तिने मान वळवली. अर्धी वेणी थॅमरच्या हातात तशीच राहिली.

"आजी," तिने विचारलं, "आता कोणाच्या घरची सांगू?"